बिनबाह्यांच्या पोलक्यातली बाई

नोकरीत किती प्रकरणं हाताखालून गेली, त्यांची नावं आणि कलमं आता आठवत नाहीत. पांढुर्ण्याच्या त्या फोटो स्टुडिओचं प्रकरण मात्र मनातून उतरत नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. तरी त्या प्रकरणाने मला जेवढं थकवलं, तेवढं दुसऱ्या कशाने थकवलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पांढुर्णा ठाण्यात उपनिरीक्षक होतो. संत्र्याचा हंगाम होता. ट्रकवाल्यांची आणि हमालांची भांडणं मिटवण्यात दिवस जायचा. एका दुपारी खबर आली, बस स्टँडजवळच्या फोटो स्टुडिओत मारहाण झाली. हवालदाराला घेऊन पोचलो तोवर मारणारा पसार झाला होता. शोकेसची काच रस्त्यावर पसरली होती आणि आत साठीकडे झुकलेला फोटोग्राफर मनगट पोटाशी धरून स्टुलावर बसला होता.

या माणसाला मी ओळखत होतो. उमेदीची वर्षं त्यांनी नागपुरात काढली होती. सीताबर्डीची गर्दी, टॉकीजसमोरच्या रांगा, रिक्षातून उतरणाऱ्या नटलेल्या बाया, गॉगल लावून पानठेल्याशी उभे असलेले शौकीन तरुण, हे सगळं त्यांनी काळ्यापांढऱ्या फिल्मवर टिपलं होतं. कापडवाल्यांसाठी, शिंप्यांसाठी जाहिरातीचे फोटोही काढले होते. आता रंगीत फोटोंचा जमाना आला होता आणि त्यांच्याकडे पासपोर्ट फोटोपलीकडे काम उरलं नव्हतं. म्हणून की काय, अलीकडे त्यांनी शोकेसमधले नवरानवरीचे फोटो उतरवून हे जुने नागपूरचे फोटो लावले होते. लोक थांबून बघायचे आणि फोटो काढायला दुसरीकडे जायचे.

पंचनामा करताना एक गोष्ट खटकली. सगळ्या चौकटींच्या काचा फुटल्या होत्या, पण फोटो आत होते. मधली मोठी चौकट तेवढी रिकामी होती.

"यात काय होतं?" मी विचारलं.

"असंच काहीतरी. आठवत नाही."

"मारणारा कोण होता?"

"वळखीचा नव्हता, साहेब."

मार खाल्लेला माणूस एरवी बोलायला उतावीळ असतो. मारणाऱ्यांची नावं तर सांगतोच, जुन्या वैऱ्याचंही एखादं नाव घुसडतो. हे गृहस्थ रिपोर्ट द्यायलाच तयार नव्हते. शेवटी अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवला आणि त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. मनगटाचं हाड मोडलं होतं.

धागा समोरच्या पानठेलेवाल्याने दिला. "सौंसरकडचा पोट्टा होता, साहेब. संत्र्याचा बगीचा हाय त्याइचा. शोकेससमोर उभा राहिला अन् एकदम पेटला. माह्या बहिणीचा फोटो बजारात लावून राहिला काय, म्हणे."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सौंसर ठाण्याची मदत घेऊन पोराला ताब्यात घेतलं. त्याच्या मोटारसायकलच्या डिक्कीत घडी घातलेला फोटो सापडला. तो जप्त केला.

तरण्या पोराला दरडावलं की तो अडून बसतो. चहा देऊन नुसतं बसवून ठेवलं की राग ओसरतो आणि आतलं बाहेर येतं. तसंच झालं.

"लगन जुळलं होतं तिचं," तो म्हणाला. "इथल्या सोयऱ्यानं हा फोटो पाहिला अन् पोराकडच्याइनं निरोप धाडला, आमाले अशी पोरगी नाही पाहिजे. नागपूरले होस्टेलमंदी राहून शिकत होती. बाबानं कॉलेज बंद केलं. आता दोन लेकरांच्या बिजवराले देऊन राहिले."

"बहिणीला विचारलंस?"

"ते तं नाहीच म्हणते. पण चेहरा पाहा ना, साहेब. तिचाच हाय."

मी फोटो टेबलावर पसरला. रस्त्याच्या कडेला स्कूटरला टेकून एक तरुण मुलगी उभी होती. बिनबाह्यांचं पोलकं, तंग नेसलेली साडी, डोळ्यांच्या कोपऱ्याबाहेर ओढलेलं काजळ. मान जराशी वर. बघायचं तर बघा, असं हसू. माझी नजर तिच्या केसांवर अडली. आत भरण घालून उंच फुगवलेला अंबाडा होता तो. मी नागपुरात कॉलेजला होतो तेव्हा मुली तसे केस बांधत. ती फॅशन जाऊन किती वर्षं झाली होती! मागच्या मोटारीही त्याच काळातल्या होत्या. त्या पोराची बहीण तेव्हा जन्मालाही आली नसणार.

मी दवाखान्यात गेलो. "फोटो जुना आहे," फोटोग्राफरना म्हणालो. "मार खाताना एवढं सांगितलं असतं तर हात वाचला असता."

ते छताकडे बघत म्हणाले, "तो बहीण बहीण म्हणत होता, तवा त्याचं तोंड नीट पाहिलं मी. तेच नाक, तेच डोळे. जुना हाय म्हटलं असतं, तं मंग कोणाचा, हे त्यानंच वळखलं असतं. फोटोतल्या बाईले लगन करून इकडंच दिलं हे मले का मालूम, साहेब? मालूम असतं तं लावला असता का?" मग म्हणाले, "फोटो त्या पोरीचा नाही, एवढंच लिहा."

मुलीचा जबाब घ्यायला मी सौंसरला पोराच्या घरी गेलो. बाप खुर्चीत, मुलगी भिंतीशी, रडून डोळे सुजलेले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"मी नाही हो त्या फोटोत. कितीदा सांगू?" मुलगी म्हणाली.

"फोटो तुमच्या मुलीचा नाही, माझी खात्री आहे," मी बापाला सांगितलं. "तसं लिहून देतो."

"मंग कोणाचा हाय?"

"तपास चालू आहे."

"म्हणजे तिचाच हाय. तुम्ही झाकून राहिले, साहेब. सोमवारी लगन लावून मोकळा होतो मी."

"माहा हाय तो फोटो."

आई दारातून पुढे आली होती. आवाज चढलेला नव्हता. "लगनाच्या पहिले नागपूरले बहिणीकडं राहत होती मी, शिवण शिकत होती. ते पोलकं मीच शिवलं होतं. शिवणाच्या मास्तरणीले दुकानात लावाले फोटो पाहिजे होता. तिनं म्हटलं, तूच घालून उभी राहा. राहिली. बस, एवढंच हाय. पोरीचं कॉलेज सोडवू नका, अन् तिले त्या बिजवराच्या घरी धाडू नका."

बाप उठला, चपला घातल्या आणि बगीच्याकडे निघून गेला. मुलगी आईला बिलगली. मी वही बंद केली.

ठाण्यात परतून पोराला सगळं सांगितलं. त्याने दोन्ही हातांत डोकं धरलं. मग त्याने एकच विचारलं, "आईले कोणी काही बोललं काय?"

प्रकरण पुढे कोर्टात आपसातल्या तडजोडीवर मिटलं. पोराने फोटोग्राफरचे पाय धरले, त्यांनी माफ केलं. हाड वाकडं जुळलं, कॅमेरा धरता येईना. स्टुडिओ बंद झाला. बिजवराचं लग्न मोडलं. पहिलं स्थळ काही परत आलं नाही. मुलगी नागपूरला गेली. घरात मात्र नवऱ्याने बायकोशी बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं की मुलाच्या तोंडून सांगायचा.

खरं बाहेर आलं की आमची फाईल बंद होते. ते बाहेर आणणाऱ्या माणसाला त्यानंतर त्याच घरात राहायचं असतं, आणि तिथे आमचं काही चालत नाही. गुन्हेगार पकडायला मला खात्याने शिकवलं. आपल्याला सगळं कळलं तरी कुठे थांबावं, हे त्या मोडक्या मनगटाच्या माणसाकडून शिकलो. तरीही जे व्हायचं ते झालंच.

बदलीच्या आधी एकदा सौंसरच्या बस स्टँडवर ती बाई दिसली. हातात डब्याची पिशवी होती. नागपूरच्या गाडीची वाट बघत होती, एकटीच.

"बरं आहे ना, ताई?" मी विचारलं.

"बरं हाय," ती म्हणाली. "पोरगी शिकून राहिली."