बाकावरचे आजोबा

मेणाच्या पुतळ्यांच्या त्या संग्रहालयात केसवाल्या मावशी कामाला लागल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. काम केसांचंच. मेणाचं टकलं डोकं मांडीवरच्या उशीत धरायचं आणि सुईनं एकेक केस त्यात खोचत जायचं. भुवया, पापण्या, मिशा, सगळं तसंच. एका डोक्याला महिना सहज जाई. शिवाय रोज सकाळी, दारं उघडायच्या आधी, कंगवा आणि ओला स्पंज घेऊन सगळ्या दालनांतून फेरी मारायची. राजे, नट, खेळाडू, कुणाचीही भीडभाड न ठेवता त्या हनुवटी धरून भांग पाडत आणि गालावरचे पर्यटकांच्या लिपस्टिकचे डाग पुसत. घरी सून म्हणायची, "आई दिवसभर जगाची वेणीफणी करतात आणि घरी येतात त्या झिंज्या पिंजारून."

मावशी भित्र्या नव्हत्या. पहारेकरी दिवे लागल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत, पण मावशी अंधारात चाचपडत जाऊन स्वतः बटण दाबत. त्यांना घोर होता तो एकाच पुतळ्याचा.

शेवटच्या दोन दालनांच्या मधल्या बोळात भिंतीला लागून एक लाकडी बाक होता आणि त्यावर एक म्हातारा डुलकी काढत बसलेला होता. हनुवटी छातीवर, मांडीवर कापडी पिशवी. त्याच्यापुढं ना नावाची पाटी होती, ना दोरी. सहलीला आलेली दमलेली माणसं त्याच्या शेजारी येऊन टेकत, थोड्या वेळानं त्यालाच विचारत, "काका, बाहेरचा रस्ता कुठला?" आणि उत्तर येईना म्हणून वाकून बघत. मग किंकाळी, मग हशा, आणि मग पुढच्या माणसाची फजिती बघायला सगळं कुटुंब कोपऱ्यात दबा धरून उभं. व्यवस्थापकसाहेब म्हणायचे, "राजेमहाराजे एकीकडं आणि आपले आजोबा एकीकडं."

आजोबांचं डोकं म्हणजे मावशींच्या हातचं पहिलं काम. एरवी केस व्यापाऱ्याकडून यायचे, धुतलेले, एका मापाचे, जुड्या बांधलेले. या डोक्यासाठी मात्र मास्तरांनी, म्हणजे ज्यांनी तो पुतळा घडवला त्यांनी, एक कागदाची पुडी हातात ठेवली होती. आतले केस आखूड-लांब, पांढऱ्यात काळे मिसळलेले, आणि त्यांना साध्या साबणाचा वास. "हे कुठले?" असं मावशींनी विचारलं तर म्हणाले, "आहेत. जपून वापर, पुन्हा मिळायचे नाहीत." डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक तुकडा उडालेला होता. साच्यात हवा राहिली असेल म्हणून मावशींनी तिथं मेण भरलं. मास्तरांनी बघितलं आणि नखानं ते खरवडून काढलं.

आणि तो भांग! मावशी रोज सकाळी डावीकडं भांग पाडत आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर भांग उजवीकडं गेलेला. वरून थंड हवा सुटते तिनं होत असेल, असं त्या स्वतःला समजावत. पण त्याच हवेखाली उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाचा भांग कधी हलला नव्हता.

अशी वर्षं गेली. मास्तर डोळ्यांनी अधू होऊन घरी बसले. मावशींनाही चष्मा लागला.

सुट्टीच्या दिवसांत एकदा मरणाची गर्दी होती. मावशी बोळाच्या तोंडाशी एका नटीची निसटलेली पापणी चिकटवत होत्या. तेवढ्यात एक कुटुंब आलं. पुढं वडील, पन्नाशीकडं झुकलेले, हातात शहराचा नकाशा. मागं त्यांची बायको, सात-आठ वर्षांची मुलगी, आणि सगळ्यांच्या मागं पाय ओढत आजी. सकाळी मनोऱ्यावर चढून झालं होतं, नदीतली बोट झाली होती, जेवण उभ्याउभ्या उरकलं होतं, आणि अजून डोंगरावरचा पाळणा बाकी होता.

"आई, तुझे पाय सुजलेत. तू बस इथं," वडील म्हणाले. "आम्ही पुढचं दालन बघून हा आलोच."

आजी बाकावर टेकल्या. चपला काढल्या. शेजारच्या माणसाला त्रास नको म्हणून जरा सरकून बसल्या. मावशी मनात हसल्या, आता होईल गंमत.

आजींनी शेजारी बघितलं. मावशी किंकाळीची वाट बघत राहिल्या, पण किंकाळी आलीच नाही. आजी बघतच राहिल्या. मग त्यांनी हात पुढं करून पुतळ्याच्या हातावर ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. आणि अंगावरची शाल काढून त्याच्या गुडघ्यांवर पसरली.

"इतका गारठा आहे आणि असे अंगावर काही न घेता बसलात?" त्या हळूच म्हणाल्या.

मावशींच्या हातातली पापणी खाली पडली. त्या लगबगीनं जवळ गेल्या. "आजी, अहो ते मेणाचे आहेत."

"कळतंय मला," आजी मान न वळवता म्हणाल्या. "यांचे केस कोण विंचरतं?"

"मी."

"भांग चुकलाय."

आजींनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, बोटं ओली केली आणि उजवीकडं भांग पाडून वरून तळवा फिरवला. इतकी वर्षं मावशींशी दावा धरून बसलेले ते केस एका हातासरशी चापून बसले. 

"कोण हे?" मावशींनी विचारलं.

"हे आमचे. दुपारी जेवून उठले आणि म्हणाले, जरा जाऊन येतो. मुलगा रांगत होता तेव्हा." आजींचा आवाज अगदी साधा होता, कुणी बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "डावा कान बघा. वरचा तुकडा नसेल. लहानपणी दारात चिमटला होता."

डावा कान पलीकडच्या बाजूला होता. आजी बसल्या होत्या तिथून तो दिसणं शक्य नव्हतं. मावशींना वाकून बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी वाकून बघितलं.

एवढ्यात बाकीचे परत आले. मुलगी पुढं धावत आली आणि जागच्या जागी थबकली. "बाबा, हे तर तुम्ही! तुम्ही झोपलात की असेच दिसता."

तिची आई हसायला गेली आणि मधेच थांबली. मावशींनी एकदा पुतळ्याकडं बघितलं, एकदा वडिलांकडं. तेच कपाळ, तोच खालचा जाड ओठ.

"आई, चल. पाळण्याची वेळ झाली," वडील म्हणाले.

"तुम्ही जा. मी बसते यांच्यापाशी."

"कुणापाशी?"

"तुझ्या वडिलांपाशी."

"आई, बाबा वारले. तूच सांगितलंस ना मला!"

"शाळेत पोरं तुला विचारायची म्हणून सांगितलं. मला तरी कुठं ठाऊक होतं?"

वडिलांचा चेहरा लालबुंद झाला. "मेणाचा बाहुला आहे तो! माणसासारखा माणूस दिसतो कधीकधी. लोक बघताहेत, ऊठ." पण त्यांनी आईच्या दंडाला धरलं नाही, आणि पुतळ्याच्या जवळही गेले नाहीत.

मावशी संग्रहालयामागच्या पुतळ्यांच्या कारखान्यात गेल्या आणि मास्तरांना फोन लावला. आजोबांच्या बाकावर आज एक बाई येऊन बसल्यात, एवढंच त्या बोलल्या असतील.

"ओळखलं का कुणी?" मास्तरांनी विचारलं.

मावशींनी भांगाचं आणि कानाचं सांगितलं.

मास्तर मग सांगत गेले. तो माणूस कारखान्यात मेण वितळवायच्या कामाला होता. बोलायचा इतका कमी की सगळे त्याला मुकादादा म्हणत. गाव विचारलं की हसायचा, नाव सांगितलं तेही खरं नसावं. एके दुपारी त्या बाकावर बसल्या बसल्या गेला. संध्याकाळी उठवायला गेले तेव्हा लक्षात आलं. त्याच्या माणसांचा शोध घेतला, काही लागला नाही. शेवटी कारखान्यातल्या लोकांनीच त्याला अग्नी दिला.

"त्याआधी मी त्याच्या चेहऱ्याचा साचा काढून घेतला," मास्तर म्हणाले. "केसही काढून ठेवले. म्हटलं, जगातली माणसं इथं फिरायला येतात. त्याला असा वाटेवर बसवून ठेवू. कधीतरी त्याच्या घरचं कुणीतरी जाईलच की इथून."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू केस खोचले असतेस?"

मावशींनी स्वतःच्या बोटांकडं बघितलं. रोज सकाळी याच बोटांनी त्यांनी एका मेलेल्या माणसाचे केस धुतले होते, विंचरले होते, नाही बसले म्हणून वर चरफडल्याही होत्या.

त्यांनी बाहेर जाऊन जे ऐकलं ते तसंच्या तसं सांगितलं. आजी ऐकून घेत होत्या. सून तोंडाला पदर लावून उभी होती.  वडिलांनी नकाशाची घडी घातली, ती आणखी एकदा दुमडली, आणि सगळ्यांना घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दारं उघडली तशी पहिलं तिकीट काढून ते एकटेच आत आले. कुठलंच दालन न बघता सरळ बोळात गेले आणि बाकावर बसले. आदल्या दिवशी आई बसली होती त्याच जागी. मावशी येता-जाता बघत होत्या. आधी ते ताठ बसले होते. मग खांदे खाली आले. दुपार कलली तेव्हा त्यांचीही हनुवटी छातीवर टेकली होती. लोक समोर उभे राहून फोटो काढत होते. "आज दोन बसवलेत," एक बाई म्हणाली. "एकच माणूस, तरुण आणि म्हातारा. काय हुबेहूब केलंय!" एका पोरगेल्या पर्यटकानं तर पैज लावून वडिलांच्या गालाला बोट लावलं. वडिलांनी डोळे उघडले. बोळभर किंकाळ्या उठल्या, हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. वडील त्यांच्याकडं नुसते बघत राहिले. त्यांना आपण कुठं आहोत ते कळायला वेळ लागतोय, असं मावशींना वाटलं.

त्या पाणी घेऊन गेल्या. एका दमात पेला रिकामा करून ते म्हणाले, "मी याला काहीबाही बोलायचं ठरवून आलो होतो. फार वर्षांचं साठलं होतं."

"मग बोललात?"

"झोप लागली हो." आणि ते रडायला लागले.

संध्याकाळी आजी आल्या, सुनेला आणि नातीला घेऊन. मुलाशेजारी थोडा वेळ बसल्या आणि मग मावशींना म्हणाल्या, "फार बसले हे. आता उठवा यांना."

व्यवस्थापकसाहेब आधी तयार होईनात. लोक या पुतळ्यासाठी येतात, मालकांना काय सांगू, असं त्यांचं पालुपद. मावशींनी त्यांना बाजूला घेऊन चेहरा कसा आला आणि केस कुणाचे ते सांगितलं. हेच साहेब पाहुण्यांना हसवायला रोज आजोबांच्या डोक्यावर टपली मारत असत. त्यांनी आपला हात पँटीला पुसला आणि म्हणाले, "आजच्या आज हलवा. आत्ताच."

धड फायबरचं होतं. मेणाचं होतं ते डोकं आणि हात. मावशींनी डोकं कारखान्यात नेलं, मांडीवरच्या त्याच उशीत ठेवलं आणि चिमट्यानं केस उपटायला बसल्या. खोचायला महिना लागला होता, काढायला एक रात्रही लागू नये याचं त्यांना वाईट वाटलं. आजी समोर स्टुलावर बसून होत्या. प्रत्येक केस मावशी त्यांच्या हातात देत आणि त्या रुमालात ठेवत.  सगळे केस निघाले तेव्हा मेणावर नुसती बारीक भोकं राहिली आणि तो चेहरा कुणाचाच वाटेना. आजींनी रुमालाला गाठ मारली आणि तो मुलाच्या हातात दिला. मुलानं तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

"हे मेण?" त्यानं विचारलं.

"वितळवू का?" मावशींनी आजींना विचारलं.

आजींनी होकारार्थी मान हलवली. मावशींनी डोकं आणि हात शेगडीवरच्या मोठ्या भांड्यात सोडले. आधी कान गेले, मग नाक, आणि मग हळूहळू सगळंच सपाट झालं. मुलगी आईला बिलगून ते बघत होती. कुणी तिला बाहेर नेलं नाही.

ते लोक दुसऱ्या दिवशी आपल्या गावी गेले. डोंगरावरचा पाळणा राहिलाच. काही दिवसांनी आजींच्या मुलाचा फोन आला. रुमाल त्यानं आईच्या मनासारखा अग्नीच्या स्वाधीन केला होता. मावशींनी विचारलं, "आजी कशा आहेत?"

"बरी आहे. पहिल्यांदाच म्हणते, दाराला आतून कडी लाव. आजवर आमच्या घराला कडी लागलीच नव्हती, मावशी. आम्हाला वाटायचं, विसरते."

मेण मात्र कुणी फेकत नाही. भांड्यात जुनं असतं, त्यात नवं पडतं, ढवळलं की एक होतं. पुढं त्यातून बरीच डोकी घडली, बरेच हात घडले, गोरे रंगवले, सावळे रंगवले, आणि दालनांतून उभे राहिले. त्यातला नेमका कुठला भाग त्या माणसाचा, हे मावशींना कधी कळायचं नाही. सकाळच्या फेरीत त्या अजूनही सगळ्यांचे केस विंचरतात. फक्त आता कंगवा लावायच्या आधी भांग कुठल्या बाजूला पडू पाहतोय ते थोडा वेळ बघतात, आणि तिकडंच पाडतात.