जमिनीतून जाणारा चेंडू

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखन चुकेल. चौथीच शिकले, माफी असावी.

आमच्या भाडेकरू प्राध्यापकानं माझ्याकडून उसने पैसे घेऊन कॉम्प्युटर आणला. त्यावर तो चेंडू उसळवायचा प्रोग्राम लिहीत होता; पडद्यावर चेंडू सोडला की तो उसळायच्या ऐवजी जमिनीतून आरपार जाई. महिनाभर हा मिशी चावत आकडे बदलायचा.

मी दारातूनच विचारलं, "काहून जाते, सर?"

"यंत्र थांबून थांबून पाहते. आत्ता चेंडू वर, पुढच्या वेळी जमिनीखाली. चौथीवाल्याले नाही समजत, बाई!"

"दूध वर येऊन राहिलं की मी घडीघडी पाहतो. यंत्राले जमिनीजवळ तसं पाहू द्या ना."

दुसऱ्या दिवशी चेंडू उसळला. ही युक्ती आपण रात्रभर जागून काढली, असं तो विद्यार्थ्यांना सांगत होता, तेव्हा त्यांना चहा मीच देत होते.

काल त्यानं सगळे पैसे फेडले, दोनदा मोजून. म्हणाला, "आता तुमचं माझ्याकडे काही राहिलं नाही."