आगाऊ शोकपत्र

यांटिनाबाईंच्या घरात जेवायचं टेबल होतं, पण त्यावर कुणी जेवल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. नवरा गेला, स्टार्चच्या कारखान्यातली नोकरी संपली, आणि टेबलाचा ताबा कागदांनी घेतला. जाड पुठ्ठे, शाईच्या डब्या, बदकांचे, बगळ्यांचे, बर्फावर घसरणाऱ्या पोरांचे रबरी ठसे. बाई स्वतः ओट्यापाशी उभ्या उभ्या पाव-चीज खायच्या.

पानगळ सुरू झाली की त्यांची टेबलावरची कॅलेंडरं सुरू. प्रत्येक महिन्याचं चित्र वेगळं, प्रत्येक तारीख हाताने उठवलेली. नाताळच्या आत कालव्याकाठच्या घराघरांत एकेक पोचायचं. मागितलेलं कुणीच नसायचं, पण नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाई कॉफीला येताना दिसल्या की लोक घाईघाईने कपाटातून कॅलेंडर काढून मांडायचे. जूनमध्ये त्यावर फेब्रुवारी असायचा. बाई निमूटपणे पानं उलटून जून लावायच्या आणि कुणी पुढे न करताच दुसरं बिस्किट उचलायच्या.

फक्त समोरच्या लामेर्तला कॅलेंडर मिळत नसे. हा कालव्यावरच्या पुलाचा निवृत्त राखणदार. कुणाचं कुंपण वीतभर वाढलं की हा नगरपालिकेला कळवणार, आणि उन्हाळ्यात खिडक्या सताड उघड्या टाकून अकॉर्डियन वाजवणार. एका वर्षी तो कॅलेंडर परत घेऊन बाईंच्या दारात आला होता. "यांटिना, मार्चमध्ये एका आठवड्यात तू दोन मंगळवार घातलेयस. मला एकच पुरतो." त्या दिवसापासून बोलणं बंद, कॅलेंडरही बंद.

आणि नोव्हेंबरात लामेर्तला अँब्युलन्स घेऊन गेली. फुप्फुसात पाणी झालं होतं. त्याची भाची ग्रोनिंगन शहरात राहायची. ती फोनवर म्हणाली, डॉक्टर मान हलवतात, बोलत काही नाहीत. बाईंनी त्याच संध्याकाळी राखाडी कागद काढला. शेजारी गेला की खांदा द्यायचा आणि घरच्यांना शोकपत्र पाठवायचं, ही गल्लीची रीत. त्यात आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता.

"अगं, पण तो जिवंत आहे ना अजून?" रूलीने विचारलं. रूली ही बाईंची शाळेपासूनची मैत्रीण. दर बुधवारी मदतीला यायची आणि ठसे तिरके मारायची.

"आज आहे. पण पुढच्या आठवड्यात मी कॅलेंडरांत गळ्यापर्यंत बुडालेली असणार. तेव्हा गेला तर मला वेळ कुठाय?"

कार्ड मात्र देखणं झालं. लव्हाळ्यात एका पायावर उभा बगळा, वर चंदेरी पूड टाकून गरम हवेने फुगवलेली कड. अक्षर एकही नाही. दुःखात शब्द कमी असावेत, असं बाईंचं मत होतं. आतले शब्द मात्र त्या घरोघर फिरून गोळा करून आल्या.

लामेर्तबद्दल लिहायचं तरी काय? पण एकदा माणूस गेला असं धरून चाललं की लेखणी कशी सैल सुटते! शेजारच्या हेर्कोने लिहिलं, 'त्याच्या अकॉर्डियनवाचून आमच्या रविवारच्या संध्याकाळी सुन्या होतील.' त्याच्या बायकोने लिहिलं, 'बागेबद्दलचा त्याचा सल्ला कायम आठवेल.' रूलीने लिहिलं, 'आमचं दार त्याच्यासाठी सदैव उघडं होतं.' आणि बाईंनी, जरा वेळ खिडकीबाहेर बघून, लिहिलं, 'माझ्या चुका प्रेमाने दाखवणारा माणूस गेला.'

भाचीचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं ते पाकीट कपाटावर वाट बघत राहिलं. बुधवारी रूली जाता जाता नाताळची कार्डं टपालपेटीत टाकायला घेऊन गेली. त्यांच्याबरोबर तेही गेलं.

"कुठलं? राखाडी? तेही टाकलं," रूली फोनवर म्हणाली. "का गं, गेला नाही का तो?"

तो गेला नव्हता. उलट बसून सूप मागत होता. भाची भेटीला आली तेव्हा न उघडलेलं टपाल तिच्या पिशवीतच होतं. बगळा बघून तिला वाटलं, लवकर बरे व्हा म्हणणारं कार्ड असेल. तिने ते मामाच्याच हातात दिलं. लामेर्तने ते चष्मा लावून वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आठवड्याभरात तो घरी आला. डॉक्टरांनी श्रेय गोळ्यांना दिलं.

बाई पडद्यामागून बघत होत्या. लामेर्तने कार्ड उघडून समोरच्या खिडकीत ठेवलं, मजकूर रस्त्याकडे करून. आणि रविवारी संध्याकाळी तो अकॉर्डियन घेऊन हेर्कोच्या दारात उभा राहिला.

"तुमच्या संध्याकाळी सुन्या जाणार होत्या म्हणे. म्हटलं, जमतंय तोवर वाजवावं."

हेर्कोला स्वतःचंच अक्षर कसं नाकारता येणार? मग लामेर्त रूलीकडे सहाच्या ठोक्याला, ऐन जेवणाच्या वेळी, जायला लागला. दार ढकलून थेट आत. "उघडंच असतं ना?" आणि बुधवारी तो बाईंच्या टेबलाशी येऊन बसला.

"दाखव नवीन कॅलेंडर. चुका काढतो. प्रेमाने."

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण कॉफी ओतावी लागली. त्याने मेमधला एक गुरुवार पकडला. बाईंनी दात-ओठ खात ते पान पुन्हा केलं. त्या वर्षीचं कॅलेंडर पहिल्यांदा निर्दोष निघालं, आणि बाई महिनाभर सगळ्यांशी तुटक बोलत होत्या.

पण खरं दुखणं पुढेच होतं. गल्लीतले लोक येता-जाता लामेर्तच्या खिडकीशी थांबायचे, वाचायचे, आणि विचारात पडून घरी जायचे. एक दिवस रूलीच म्हणाली, "मला पण एक कर ना."

"काय?"

"शोकपत्र. सगळ्यांकडून लिहून घे. मेल्यावर मी काय वाचणार आहे?"

"आधी आजारी तरी पड!"

"त्या खडूसाला एवढं सगळं लिहिलंत. मी तर कुणाचं काही वाईट केलेलं नाही."

शेवटी बाईंनी केलं. यावेळी निळा कागद, बदकांची जोडी. पण घरोघर फिरल्या तर भलतीच पंचाईत. रूली सगळ्यांना आवडायची. लोक पेन हातात धरून छताकडे बघत बसले. हेर्कोने बराच विचार करून लिहिलं, 'खूप चांगली.' त्याच्या बायकोने खाली लिहिलं, 'हो, खरंच.' लामेर्तने त्याखाली नुसती सही केली. भीतीच नाही आणि रागही नाही, तर माणूस लिहिणार तरी कशाच्या जोरावर?

कार्ड परत टेबलावर आलं. बाईंची जागा अजून कोरी होती. त्यांनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शाळेतला बाक आठवला, नवरा गेला तेव्हा रूलीने महिनाभर न विचारता आणून दिलेलं वाटाण्याचं सूप आठवलं. त्यातलं काहीच कागदावर उतरेना. चहा थंड झाला. शेवटी त्यांनी एवढंच लिहिलं, 'बुधवारी ये.'

रूलीने कार्ड वाचलं, उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच."

रूली रुसली. कार्ड पिशवीत कोंबून तडक निघून गेली. रविवारी चर्चमध्ये ती बाईंना सोडून वेगळ्याच रांगेत जाऊन बसली. सोमवारी फोन नाही, मंगळवारी नाही.

बुधवारी दुपारी ती आली. कोट काढला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "कार्डावर लिहिलं होतंस, म्हणून आले. नाहीतर येणार नव्हते."