रिस्परचे अकरा हापसे

मोटारसायकलवाल्याने लिफाफा पुढे केला आणि वहीत सही मागितली. "मदाम, जाड आहे. नोकरीचं पत्र दिसतंय."

रिस्पर अकेयोने तो उभ्या उभ्या फोडला. होमा बे शहरातल्या एका वकिलाने संस्थेतर्फे पाठवलेली नोटीस होती. सात दिवसांत फेसबुकवरचा मजकूर काढा, तिथेच जाहीर माफी मागा, नाहीतर बदनामीचा दावा.

मजकूर दोन ओळींचा होता. 'कोदुमा भागातले संस्थेचे अकराही हापसे कोरडे आहेत. संचालक ते चालू असल्याचं देणगीदारांना खोटं सांगतात.' चारशे जणांनी लाइकचा अंगठा दिला होता. 'बरं झालं कुणीतरी बोललं, न्यार सेमे,' असं निम्म्या ऑफिसने खाली लिहिलं होतं. तिचं माहेर सेमे, म्हणून ती सगळ्यांची सेमेची लेक.

गावोगाव हापसे बसवणाऱ्या या संस्थेत तिने नऊ वर्षं काढली. जूनमध्ये संचालक झब्लोन ओलुओच यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा आवाज म्हणजे कोमट दूध. "रिस्पर, माझ्या बहिणी, आपण एक कुटुंब आहोत. कुटुंबात कंत्राट संपतं, प्रेम संपत नाही." प्रेम तिथेच राहिलं, ती खोका घेऊन घरी आली.

नोटीस हातात घेऊन तिने एकेकाला फोन लावले. संस्थेचा ड्रायव्हर ओचोला म्हणाला, "न्यार सेमे, मी गाडी चालवतो. नजर समोर. बाजूला हापसा होता की झाड, मला काय दिसणार?" शेजारच्या टेबलावरची मर्सेलीन कुजबुजत बोलत होती, जणू संचालक तिच्या खुर्चीमागेच उभे आहेत. "मी अंगठा दिला होता? चुकून लागला असेल गं. आणि ऐक, या नंबरवर फोन नको करूस काही दिवस."

चर्चच्या मागच्या खोलीत ओगोला नावाचा माणूस फुकट कायद्याचा सल्ला देतो. त्याने नोटीस वाचली, चष्मा कपाळावर चढवला.

"स्वतःच्या डोळ्यांनी किती बघितलेत?"

"दोन."

"लिहिलेत किती?"

"अकरा."

"मधले नऊ कुठून आले?"

"ऑफिसात सगळेच म्हणायचे."

"कोर्टात 'सगळे' नावाचा साक्षीदार उभा राहत नाही, मदाम. लिहिलेलं खरं असेल तर सुटाल, पण खरं आहे हे तुम्हालाच दाखवावं लागेल. माणसं आणा."

रिस्परला तेव्हा कुठे कळलं, नऊ कुठून आले ते. तिचं काम यशोगाथा लिहिण्याचं. दोन घरी चहा प्यायचा आणि अहवालात लिहायचं, 'अकरा गावांतील महिलांचे जीवन बदलले.' नऊ वर्षं हात तसाच वळला होता. संस्थेविरुद्ध लिहायला बसली, तेव्हाही तसाच वळला.

दुसऱ्या दिवशी ती कोदुमाला गेली. आंब्याखाली रेघा मारलेला कागद ठेवला. वर लिहिलं, 'हापसे बंद आहेत याबद्दल साक्ष.' तोंड उघडायच्या आत बायकांची रांग लागली.

"सही कुठे करायची?"

"इथे, पण आधी ऐका..."

"माहीत आहे गं, दर वेळी करतो की. सरक, ग्रेस."

तेवीस सह्या झाल्या. अज्वांगची आई, मिन अज्वांग, कागद परत देताना म्हणाली, "या खेपेला सोड्याची बाटली नाही? पावसुद्धा नाही? तुमची संस्था गरीब झाली वाटतं."

मटाटूच्या, म्हणजे वडाप गाडीच्या, थांब्यावर रिस्परने कागदाची घडी उघडली. तेवीस माणसं. ओगोला खूश झाला असता. मग नीट बघितलं. सहीपुढे कुणी फोन नंबर घातला होता. कुणी लिहिलं होतं, 'मुलं पाच, शाळेत दोन.' एकीने 'मच्छरदाणी मिळाली नाही' असं लिहून ठेवलं होतं. संस्थेच्या हजेरीपत्रकात जे जे विचारतात, ते सगळं. वरची ओळ एकीनेही वाचली नव्हती.

मटाटू आली, गेली. रिस्पर परत आंब्याखाली गेली आणि कागद कशाचा आहे ते सांगितलं. कोर्ट म्हटल्यावर बायका एकेक पाऊल मागे सरकल्या.

"तू कुठल्या ऑफिसकडून आलीस मग?" मिन अज्वांगने विचारलं.

"कुठल्याच नाही. एकटीच आले."

"मग बाळा, माझं नाव खोड. तू संध्याकाळी जाशील. संस्थेच्या लोकांकडून आम्हाला पुढच्या महिन्यात बियाणं घ्यायचंय. आणि आमच्या खालच्या हापशाला तर पाणी आहे. बंद आहे म्हणून कुणी सांगितलं तुला?"

तेवीस नावं खोडायला फार वेळ लागला नाही.

त्यानंतर दोन दिवस ती एकटी चालली. अकरा हापसे, प्रत्येक पन्नास वेळा हापसला. पाणी भरणाऱ्या बायका बाजूला होऊन बघायच्या, कुणी हात लावला नाही. चार कोरडे निघाले. सातांना पाणी होतं, थंड आणि भरपूर. सातव्यापाशी ती ओंजळीने पाणी प्यायली आणि तिथल्या दगडावर बराच वेळ बसून राहिली.

सहाव्या दिवशी तिने जुना मजकूर काढला आणि नवा टाकला. 'मी अकरा लिहिलं, ते चूक होतं. सात हापशांना पाणी आहे, त्याबद्दल माफी मागते. चार कोरडे आहेत. कोणते, कोणत्या तारखेला बघितले, ते खाली दिलं आहे. संचालकांना काय माहीत होतं, ते मला माहीत नाही.'

ओगोलाने वाचून मान डोलावली. "आता पकडायला जागा कमी ठेवलीत. तरी दावा करणारच नाहीत असं मी म्हणणार नाही."

आठवा दिवस गेला. वकिलाकडून काही आलं नाही. ऑफिसातल्या कुणाचा फोन नाही. नव्या मजकुराखाली एकच ओळ होती, कुणा अनोळखी माणसाची. 'किती दिले त्यांनी, गप्प बसायचे?'

रिस्परने लिहिलं, 'काही नाही.' थोडा वेळ वाट बघितली. मग फोन पालथा घातला आणि ओमेना मासळी परतायला घेतली, एका माणसापुरती.