डुक्कर दोघांचं, गुन्हा एकाचा

माझ्या चुलतभावाला मोबाइलवर अमेरिकेतल्या कोर्टाचे व्हिडिओ बघायचा नाद आहे. गुन्हा एकच, पण गोऱ्या पोराला समज देऊन घरी पाठवतात आणि काळ्याला वर्षानुवर्षं आत टाकतात, हे बघून तो जेवता जेवता हळहळतो. "काय मानसा हायेत!" म्हणतो आणि आणखी भात वाढून घेतो.

आमचं शेत सिद्धगडाच्या पायथ्याला. गेल्या वर्षी भात पोटरीला आलं आणि रानडुकरांनी असा हैदोस घातला, की काकांनी शेवटी वाडीवरच्या एका कातकऱ्याला फास लावायला बोलावलं. चुलतभाऊ हौसेने मदतीला गेला. डुक्कर सापडलं, चांगलं दांडगं. बांबूला बांधून दोघं सकाळी ते घरी आणत होते, तेवढ्यात जंगलवाल्यांची गाडी समोर. बांबूचं एक टोक याच्या खांद्यावर, दुसरं त्याच्या.

काकांनी दोन फोन फिरवले. चांगल्या घरचा पोरगा, नुसता बघायला गेला असेल, असं ठरलं आणि आमचे राजे दुपारच्या जेवणाला घरी हजर. कातकरी तुरुंगात. एवढं धूड एकट्याने कसं उचललं, हे कोणी विचारलं नाही. मला हसू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

पुढे त्याला जामीन मंजूर झाला, पण जामीनदार हवा होता, सातबारावाला. कातकऱ्याच्या नात्यागोत्यात कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. इकडे दिवाळी झाली. वीटभट्टीचा टेम्पो वाडीवर यायचा होता आणि भट्टीवर नवरा-बायकोची जोडी लागते, एकट्या बाईला घेत नाहीत. टेम्पो चुकला की वर्षाचं काम गेलं. त्याची बायको रोज आमच्या अंगणात येऊन बसायची. मी गावात विचारत फिरले. आजवर डुकराचे वाटे मिटक्या मारत खाणाऱ्या सगळ्यांचे सातबारे एकाएकी सामाईक निघाले. "भावाची सही लागंल गो, आन् तो राहतो ठान्याला." काकांचंही तेच.

शेवटी काकू उखडली. आटगावला तिच्या वडिलांनी तिच्या एकटीच्या नावावर करून दिलेला तुकडा आहे. शहापूरला जाऊन तिने उतारा काढून आणला आणि जामीनदार म्हणून कोर्टात उभी राहायला मुरबाडच्या एसटीला निघाली.

"तो पलाला तर जमीन जाईल," काका म्हणाले.

"मंग तुमचा पोरगा शोधून आनील त्याला. बांबू त्यानं पन धरला व्हता."

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी तो सुटला. चुलतभाऊ आणि मी त्याला आणायला गेलो. वाळला होता, हातात कपड्यांची पिशवी. समोरच्या टपरीवर आम्ही तिघं चहाला थांबलो. चुलतभावाने उगाच विचारलं, "आत तरास झाला का रे?"

"तरास कसला? सगली ओलखीचीच मानसा. आमच्या वाडीवरचा एक, शहापूरकडचे ठाकर, बाकी आमचेच कातकरी." त्याने चहा फुंकून घोट घेतला. "तुमच्यातला कोन दिसला नाय रे."