माझं मेहनती टेबल

कामचुकार माणसं पकडायचं यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं ते सिंदी रेल्वे या गावातल्या कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात, आणि त्या यंत्राने मला सगळ्यांत मेहनती ठरवलं. यावरूनच त्याची अक्कल कळावी.

टायपिंगची परीक्षा पास होऊन मी तिथे ऑफिसात लागले होते. नालवाडीहून सायकलने स्टेशन, पुढे पॅसेंजर, आणि गाडीची मर्जी असली तर दहाला टेबलावर. मालकांचा मुलगा नुकताच पुण्याहून कॉम्प्युटर शिकून आला होता. एवढ्या विद्येचं करायचं काय, म्हणून त्याने आमच्या कॉम्प्युटरांत एक प्रोग्राम घातला. पाच मिनिटं माऊस हलला नाही, कळ दाबली नाही, की माणूस गैरहजर. दर शनिवारी सगळ्यांच्या तासांची यादी, आणि हंगाम संपला की सगळ्यांत कमी तास ज्याचे, त्याला नारळ. यादी छापायचं पुण्यकर्म माझ्याकडे आलं.

आमचे ग्रेडर काका साठीच्या घरातले. कापसाची गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत ताणायचे आणि धागा किती लांब, ओल किती, डागी माल किती घुसडलाय, ते जागच्या जागी सांगायचे. अख्खा कारखाना त्या अंगठ्यांवर चालायचा. पण अंगठ्यांना वायर जोडलेली नव्हती ना! ते दिवसभर आवारात, उन्हात; म्हणजे गैरहजर. मधेच नोंदी टाकायला आत येत, तर हाताला चिकटलेली रुई माऊसच्या पोटात जाई आणि आतली गोळी अडकून बसे. मग काका माऊस उलटा करून नखाने रुई उकरत बसत. तेवढा वेळ पुन्हा गैरहजर.

"काका, सकाळपासून तुम्ही चाळीसच मिनिटं काम केलंय," मुलगा एकदा सगळ्यांसमोर म्हणाला.

"मंग ह्या बाहेरच्या गाड्या काय कॉम्प्युटरनं पाह्यल्या काय, बाबू?"

मुलाने स्क्रीनकडे बोट दाखवलं. त्यात दिसतं तेच खरं, म्हणे. बाहेर जाऊन गाड्या बघायच्या तर ऊन लागलं असतं.

आता माझ्या मेहनतीविषयी. माझं टेबल प्रेसच्या भिंतीला टेकलेलं होतं. पलीकडे रुईच्या गाठी बांधायला लागले की भिंत हादरायची, टेबल थरथरायचं आणि स्क्रीनवरचा बाण आपला आपण हलत राहायचा. मी डबा खात असले तरी हजर. बाहेर जाऊन सुपारी कातरत मैत्रिणीशी गप्पा मारल्या तरी हजर. पहिल्याच आठवड्यात हे माझ्या लक्षात आलं. सांगू सांगू म्हणत मी चार महिने यादी छापत राहिले. सर्वांत वर मी, सर्वांत खाली काका. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती माझ्याच हाताने, दर शनिवारी, दोन प्रतींत. मला लाज वाटायची, पण नोकरी जाण्याची भीती लाजेहून मोठी होती.

हंगाम संपला. काकांना नारळ मिळाला.

निघताना ते माझ्यापाशी आले. आपल्या माऊसमधून काढलेली रुई त्यांच्या चिमटीत होती. सवयीने त्यांनी ती अंगठ्यांत ताणली.

"धागा लांब हाय," ते म्हणाले. "माल चांगला जाऊन राह्यलता आतमंदी."

मग त्यांनी माझ्या टेबलावर तळहात ठेवला. पलीकडे शेवटच्या गाठी चालू होत्या.

"पोरी, तुहं टेबल लय मेहनती हाय."

"तुमाले मालूम होतं, काका?"

"पयल्याच महिन्यात समजलं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त नारळ तुले भेटला असता," ते म्हणाले. "माह्या अंगठ्याले कुठंबी काम भेटते. तुहं टेबल थोडीच सोबत येनार हाय?"

पुढच्या हंगामात मला कायम केलं. मी तिथे आणखी सहा वर्षं काढली. दिवाळीला खोलीची रंगरंगोटी व्हायची, सामान इकडचं तिकडे व्हायचं. माझं टेबल मी भिंतीपासून कधी हलू दिलं नाही.