आई कर्नलकाकांना विचारते

जिथे सगळे मोठ्याने बोलतात आणि एकच जण गप्प बसतो, तिथले किस्से आपोआप त्या गप्प माणसाकडे जमा होतात. आमच्या रविवारच्या चहाच्या घोळक्यात ती गप्प बसणारी मी. माझं काम चिवड्याच्या बशा फिरवणं. बशी फिरवणाऱ्या मुलीकडे कोणी बघत नाही, त्यामुळे तिच्यासमोर माणसं काहीही बोलतात!

रायपुरात मराठी ख्रिस्ती घरं मोजकीच आहेत. रविवारची मराठी उपासना संपली की त्यातले काही जण समता कॉलोनीत कर्नलकाकांकडे चहाला जातात. काका फौजेतून रिटायर झालेले, मूळचे अमरावतीकडचे. मार्थाकाकू त्यांच्या बायको. उपासना चालवणारे आमचे पाळकसाहेबही असतात, कारण काकूंच्या हातचा चिवडा त्यांना फार आवडतो.

यंदा सगळ्या गप्पा एकाच गोष्टीभोवती फिरत होत्या. माझ्या योहानदादाचं फौजेत ऑफिसर म्हणून सिलेक्शन झालं होतं. बाबांनी उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये, जिथे ते शिफ्ट इनचार्ज आहेत, पेढे वाटले. आईने पेढ्याला हातही लावला नाही. ती नर्स आहे. ती म्हणाली, "मी जलमभर लोकायचं रक्त थांबवलं, अन् माझा पोट्टा ते काढाले जाईन?"

आमच्या घरी कोणी लांब निघालं की आई त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते. त्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. दादाने सांगून टाकलं, "मम्मी हाथ नहीं रखेगी तो मैं नहीं जाऊँगा." आई म्हणाली, मग नको जाऊ. दोघंही तिथेच अडून बसले. ट्रेनिंगला हजर व्हायची तारीख जवळ येत होती, आणि आई दर रविवारी कर्नलकाकांना गाठून प्रश्न विचारत होती.

* * *

पहिला प्रश्न तिने चहा ओतला जात असतानाच विचारला.

"भाऊ, तुम्ही माणूस मारला काय?"

बाबांनी छताकडे पाहिलं. असं कोणी कोणाला, तेही उपासनेहून आल्या आल्या, विचारतं का?

काकांनी बिस्कीट बशीत ठेवलं. "हो, ताई."

एवढंच. पुढे काही नाही, मागे काही नाही. मार्थाकाकू म्हणाल्या की लग्न ठरवताना त्यांच्या वडिलांनीही काकांना हाच प्रश्न विचारला होता. वडील फार धार्मिक, त्यांना खुनी जावई नको होता. तेव्हा काका नुकतेच लेफ्टनंट झालेले.

"मग यांनी काय सांगितलं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"यांनी सांगितलं, अजून नाही."

* * *

काकांचा मंदिराचा किस्सा ऐकून तर पाळकसाहेब खुर्चीतून अर्धे उठलेच.

फौजेत एक रीत आहे. जवानांचा जो धर्म, त्यात ऑफिसरने त्यांच्यासोबत उभं राहायचं. काकांच्या कंपनीत सगळे हिंदू जवान. पहिल्याच रविवारी मंदिर परेड होती. काका बूट काढून दाराशी पोचले आणि थबकले. लहानपणापासून पाठ केलेली, बायबलच्या दहा आज्ञांतली पहिली आज्ञा आठवली: माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत. त्यांनी सुभेदारसाहेबांना हळूच सांगितलं की मी इथेच बाहेर उभा राहतो.

सुभेदारसाहेब वयाने त्यांच्या वडिलांएवढे. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी मागे वळून कंपनीकडे पाहिलं आणि तेही काकांच्या शेजारी उभे राहिले. त्यांच्यामागे सगळी कंपनी. आत एकटे पंडितजी घंटा हातात धरून वाट बघत होते.

काकांनी विचारलं, तुम्ही का थांबलात? सुभेदारसाहेब म्हणाले, "जहाँ साब, वहाँ कंपनी. कल गोली चलेगी तब भी यही नियम रहेगा."

काका आत गेले.

"आणि आरती?" पाळकसाहेबांचा आवाज चिरका झाला होता.

"ओवाळली. मनात प्रभूची प्रार्थना म्हटली. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पासून सुरू. त्यानंतर किती वर्षं तेच केलं."

"कोणाला कळलं नाही?"

"पंडितजीले पहिल्याच दिवशी कळलं ना. बाजूले घेऊन म्हणाले, साब, आपके होंठ हमारी आरती से मैच नहीं होते, थोड़ा सिर झुका लिया कीजिए."

पाळकसाहेब त्या दिवशी चिवडा न खाताच गेले. पुढच्या रविवारी मात्र आले.

* * *

बर्फातल्या एका चौकीवर काकांनी नाताळच्या आधी जवानांना येशूच्या जन्माची गोष्ट सांगितली. अख्ख्या चौकीत ख्रिस्ती ते एकटेच. नाताळच्या सकाळी ते बंकरबाहेर आले तर जवानांनी खोक्याच्या फळ्यांची गव्हाणी बनवलेली. आत बाळ म्हणून मोज्यांचं गाठोडं. आणि गव्हाणीच्या दोन्ही बाजूंना रायफली घेऊन पहाऱ्यावर दोन संत्री!

काका पुढे गेले तर एक संत्री ओरडला, "थम! कौन आता है?"

काकांनी ओळख दिली आणि विचारलं, हा काय प्रकार आहे? संत्री म्हणाला, "साब, आपने ही बताया था. हेरोद राजा बच्चे को मारने सिपाही भेजेगा. इस बार भेजके दिखाए."

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसले, तोंडावर ओढणी धरून. बाबांना तर ठसका लागला.

आई हसली नाही. ती कपाकडे बघत म्हणाली, "हेरोदाचे शिपाईपण कोणाचे तरी पोट्टेच असतीन. हुकूम मानणारे."

बाबांचा ठसका तिथल्या तिथे थांबला. मी बेथलेहेमची गोष्ट दर नाताळला ऐकली आहे, नाटकात मेंढीही झाले आहे. पण त्या शिपायांना आया होत्या हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

* * *

हा एक किस्सा घरातला नाही, माझ्या शाळेतला आहे. कर्नलकाका प्रमुख पाहुणे होते. मी शेवटच्या रांगेत लपले होते, कारण ते मला स्टेजवरून हाक मारतील अशी भीती होती.

भाषण झाल्यावर अकरावीच्या एका मुलाने माइक घेतला. "सर, आपने कितने दुश्मन मारे?" सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. शिट्ट्याही आल्या.

काका म्हणाले, "सब खड़े हो जाओ."

सगळ्यांना वाटलं, आता राष्ट्रगीत. आम्ही ताठ उभे राहिलो. गीत काही सुरू होईना. काका मान खाली घालून उभे. एक-एक करत सगळे गप्प झाले, खोकणारेही. बऱ्याच वेळाने काकांनी बसायला सांगितलं.

पीटी सरांनी दबक्या आवाजात विचारलं, "सर, ये मौन किसके लिए था?"

"जिनकी गिनती बच्चा पूछ रहा था."

शेजारची मैत्रीण माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. "ये तेरे चर्च वाले हैं ना?"

मी म्हटलं, हव.

* * *

हेरोदाच्या शिपायांबद्दलचं आईचं बोलणं काकांच्या मनात राहिलं असावं. एका रविवारी कोणी न विचारताच त्यांनी सुरुवात केली.

एका गावात एका घरातून त्यांच्या तुकडीवर गोळ्या आल्या. वायरलेसवर वरून हुकूम आला, घर उडवून द्या. काकांना त्या घराच्या अंगणात दोरीवर लहान लेकरांचे कपडे वाळताना दिसले. त्यांनी वायरलेसवर कळवलं, आवाज येत नाही.

"पण ऐकू येत होतं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"साफ."

"म्हणजे 'खून करू नको' ही सहावी आज्ञा पाळायला नववी मोडली. खोटं बोललात."

"मग मी बॅटरीच काढून टाकली ना. त्यानंतर खरंच नाही आला आवाज."

काकू म्हणाल्या, बाजारात असले की यांचा मोबाइलही असाच बंद पडतो. पुन्हा सगळे हसले. दादाने विचारलं, "अंकल, घर में था कौन?"

एक म्हातारी, तिची दोन नातवंडं आणि तो गोळ्या झाडणारा. जवान म्हातारीला आणि लेकरांना बाहेर काढत होते तेवढ्यात तो मागच्या बाजूने निसटला. पाळकसाहेब म्हणाले, देवाची कृपा, लेकरं वाचली. आईने तर मान हलवून काकांच्या बशीत आणखी चिवडा वाढला. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच.

"थांबा, ताई," काका म्हणाले. "पुढच्या महिन्यात त्याच माणसानं माझ्या तुकडीतला एक नायक मारला. त्यालेपण दोन लेकरं होती."

आईचा हात चिवड्याच्या डब्यावर तसाच राहिला.

"मग त्या दिवशी बरोबर काय होतं?" पाळकसाहेबांनी फार हळू विचारलं.

"साहेब, ते तुमचं डिपार्टमेंट. मी तर तुम्हालेच विचारून राहिलो."



* * *

दादा जायच्या आधीचा शेवटचा रविवार. बॅग भरलेली नव्हती. दादाने ती कपाटावरून काढलीही नव्हती, आणि बाबा आठवडाभर कोणाशी धड बोलत नव्हते. काकांच्या हॉलमध्ये पाळकसाहेब म्हणाले, निदान आपण सगळे योहानसाठी प्रार्थना तर करू या. आम्ही गोल उभे राहिलो, डोळे मिटले. पाळकसाहेबांनी संरक्षण मागितलं. काकूंनी चांगली तब्येत मागितली. बाबांना दोनच वाक्यं जमली. माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीसारखी प्रार्थना मनातल्या मनात म्हटली.

मग चपलांचा आवाज आला. मी डोळे किलकिले केले. आई जागेवरून निघून दादासमोर येऊन उभी होती. दादा खूप उंच आहे. तो गुडघ्यावर बसला. आईने दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले.

"प्रभू," आई म्हणाली, "माह्या पोट्ट्याले सांभाळजो. अन् लढाईत त्याच्यासमोर जो पोट्टा येईन, त्यालेपण सांभाळजो. दोघायले आपापल्या मायजवळ वापस आणजो."

चालू प्रार्थनेत मधे बोलताना मी आजवर कोणाला ऐकलं नव्हतं. कर्नलकाका बोलले.

"ताई, लढाईत दोघायचं नाही होत. एकाचंच मागा."

आईने डोळे उघडले नाहीत. हातही काढले नाहीत.

"मी तुमच्याशी नाही बोलून राहिली, भाऊ."